श्वास पाहायलाही खाडा!

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचे असेल, तर त्यासाठी रजेची खास तरतूद आहे. तो इगतपुरीला धम्मगिरीवर जातो, मन थोडे निवांत करून परत टेबलाशी येतो. चांगली तरतूद आहे, ती राहावीच. मात्र बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणीच्या ज्या बाया दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरच्या, थेट बेळगावच्या फडात उतरतात, त्यांनी पाळीत एक दिवस अंग टाकले तरी खाडा पडतो. रोज बुडतोच, वर पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त दंड मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत चढतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक आजारी पडले की दोघांचा हिशेब बिघडतो.

कामाच्या ठिकाणी बौद्ध सजगता आणण्याचे वारे सध्या जोरात आहे. ताण तुमच्या मनात आहे, श्वासाकडे पाहा, असे कंपन्यांतून शिकवले जाते. धोका इथेच आहे. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृतीच्या आधी सम्यक आजीविका येते. ती गाळून नुसती स्मृती शिकवायची, म्हणजे मुकादमाच्या वहीवर धम्माचा शिक्का मारायचा.

सतिपट्ठानाची, म्हणजे याच स्मृतीची, साधना सुरू होते कायेपासून. फडातल्या बाईला स्वतःच्या कायेचे ऐकायची सोय तरी आहे का? पहाटेच्या अंधारात तोडणी सुरू, डोक्यावर उसाची मोळी, राहायला पाल, न्हाणीघर नाही, संडास नाही. पोटात दुखले तर सोसायचे, नाहीतर खाडा. अशात कुणी डॉक्टर ‘पिशवी काढून टाका’ म्हणाला, की तोच सुटकेचा मार्ग वाटतो. 2019 मध्ये हे प्रकरण गाजले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. एकट्या बीड जिल्ह्यातला हा आकडा आहे. त्यानंतरही हंगाम येतात, उचल वाटली जाते, ट्रॅक्टर भरून जातात.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्यावरचा शाक्य-कोलियांचा तंटा ठेवला. दुःख त्यांनी शेतात आणि पाण्यात शोधले. पाण्यावाचून गाव सोडणाऱ्या बीडकरांना हे समजावून सांगावे लागू नये. ध्यानाला आमचा विरोध नाही. परंतु ज्या कामात एका दिवसाच्या विसाव्याला दंड आहे, तिथे ध्यानाचे वर्ग भरवणे ही क्रूर थट्टा ठरेल.

साखर आयुक्तांनी येत्या हंगामाचे गाळप परवाने देताना तीन अटी घालाव्यात: आजारपण आणि पाळीचा खाडा बंद, आठवड्याला एक भरपगारी सुट्टी, आणि प्रत्येक तळावर पाणी व संडास. त्या न पाळणाऱ्या कारखान्याचे धुराडे पेटू देऊ नये.