सहलीला जाणारी आई पाहुणी नव्हे



शाळेच्या सहलीला मदतीसाठी आई हवी म्हटले की आपण आधी थेपले-खाकऱ्यांची यादी करतो. माझे म्हणणे स्पष्ट आहे. मुले मोजायची नसतील, तर घरीच थांबा.

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात नाव उलटली. १२ शाळकरी मुले आणि २ शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. म्हणून "जॅकेट नाही तर मुले चढणार नाहीत" असे ठणकावणारे माणूस सोबत लागते. तिथे भिडस्तपणा कामाचा नाही.

"शिक्षक आहेत ना!" हेही पुरे झाले. विजासन लेण्यांच्या अंधाऱ्या बोळात किंवा तळ्याकाठी चाळीस मुलांवर दोन डोळे पुरत नाहीत. आपल्या वाट्याच्या दहा जणांची नावे पाठ करा. बसमध्ये चढताना, उतरताना मोजा. फोटो शेवटी काढा.

आपण पाणी गाळून पितो, न दिसणाऱ्या जिवांची जयणा पाळतो. मग पाण्याकाठी उभा असलेला, डोळ्यांना दिसणारा जीव नजरेआड कसा होतो?