भिशी चालते, मग वाचनगट का नाही?

मैत्रिणींनो, आपल्याकडे ‘पेपर’ म्हटलं की दोनच अर्थ होतात. एक सकाळी दारात पडतो तो आणि दुसरा मार्च-एप्रिलमध्ये मुलांची झोप उडवतो तो. तिसराही एक पेपर असतो. संशोधक काही नवं शोधतात, ते दहा-पंधरा पानांत लिहून काढतात, तो शोधनिबंध. मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थी आणि प्राध्यापक आठवड्यातून एकदा चहाचा कप घेऊन बसतात, असा एकच निबंध वाचतात आणि त्यावर तासभर भांडतात. याला ते रीडिंग ग्रुप म्हणतात. आपण वाचनगट म्हणू.

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे शिरूर आणि दौंडच्या आपल्या मुली. बीसीएस, बीसीए करणाऱ्या किती तरी मुली रोज एसटीने, रेल्वेने कॉलेज गाठतात. बचत गटाच्या कामानिमित्त घरोघर जाते तेव्हा त्यांची पुस्तकं बघते. टेबलावर गाईड, प्रश्नसंच आणि मैत्रिणीच्या जर्नलची झेरॉक्स. मार्क चांगले असतात. पण ‘अगं, हे असंच का लिहायचं?’ म्हणून विचारलं की उत्तर येतं, ‘मॅडमनी असंच दिलंय.’ तीन वर्षं कॉम्प्युटरच्या भाषा शिकून त्या भाषा कुणी, कशासाठी घडवल्या, हे मुलीला ठाऊक नसावं, हे मला काही पटत नाही.

मी स्वतः आर्ट्‌सची. तरी एवढं कळतं की कॉम्प्युटरला सांगायची कृती ज्या भाषेत लिहितात ती प्रोग्रॅमिंगची भाषा. यंत्राला फक्त शून्य आणि एक कळतो. मधे दुभाषी लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. ही वाट सुरुवातीला दाखवणाऱ्यांत एक बाई होती, अमेरिकन नौदलातल्या ग्रेस हॉपर. 1952 मध्ये त्यांनी त्यांचा पहिला कंपायलर तयार केला आणि त्यावर निबंधही लिहिला. पुढे बँकांच्या हिशेबांत वर्षानुवर्षं राबलेली कोबोल ही भाषा त्यांच्याच कामाच्या पायावर उभी राहिली.

दुसऱ्या फ्रान्सिस अ‍ॅलन. शेतकऱ्याची मुलगी, शाळेत गणित शिकवायची. शिक्षणाचं कर्ज फेडायचं म्हणून 1957 मध्ये आयबीएम कंपनीत लागली. कर्ज फिटलं की परत शाळेत, असा बेत होता. त्या तिथेच पंचेचाळीस वर्षं राहिल्या. दुभाष्याने नुसतं भाषांतर न करता तेच काम कमी वेळात कसं करून घ्यावं, हा त्यांचा विषय. 2006 चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे या क्षेत्रातलं नोबेलच म्हणा, त्यांना मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. दोनच वर्षांनी, 2008 चा पुरस्कार बार्बरा लिस्कोव्ह यांना मिळाला. ही नावं मुलींच्या नोट्समध्ये का नसावीत?

बरं, हे सगळं सातासमुद्रापार आहे असंही नाही. प्रोग्रॅमिंग भाषांच्या संशोधनाची जगातली एक मोठी परिषद, पीओपीएल, 1973 पासून बहुतेक वेळा अमेरिका-युरोपात भरत आली. 2015 च्या जानेवारीत ती मुंबईत भरली. आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी कंपायलरवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला ग्रंथ 2009 मध्ये निघाला. आणि आपल्या दौंड-पुणे गाडीच्या वाटेवरच्या हडपसरला टाटांचं संशोधन केंद्र आहे, 1981 मध्ये सुरू झालेलं. प्रोग्रॅममधल्या चुका प्रोग्रॅमनेच हुडकायच्या, असलं काम तिथे झालं. रोज त्या स्टेशनावरून जाणाऱ्या किती मुलींना हे कुणी सांगितलं असेल?

‘हे फार अवघड, इंग्रजी जड,’ असं मुली म्हणतील. आया तर नक्की म्हणतील. म्हणून दौंड तालुक्यातल्याच केडगावची आठवण देते. पंडिता रमाबाईंनी तिथे हिब्रू आणि ग्रीक भाषा हाताशी घेऊन बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1922 मध्ये त्या गेल्या, तोवर काम पुरं होत आलं होतं. छापखानाही तिथल्याच बायका चालवत. परक्या लिपीचे खिळे जुळवणाऱ्या त्या बायकांसमोर आपल्या पोरींचं इंग्रजी काय मोठं?

गट चालवायचा कसा, तर भिशीसारखा. सहा ते आठ जणी पुरे. दर आठवड्याला एकीची पाळी. तिने निबंध नीट वाचून यायचा आणि मराठीतून सांगायचा. बाकीच्यांनीही वाचून यायचंच, आणि येताना निदान एक प्रश्न वहीत लिहून आणायचा. प्रश्न नाही तर चहा नाही! वाचायचीही रीत असते. एस. केशव नावाच्या प्राध्यापकांनी 2007 मध्ये ती छान मांडली आहे. पहिल्या फेरीत फक्त मथळा, सुरुवात, उपशीर्षकं आणि शेवट. दुसऱ्या फेरीत आकृत्या आणि मुख्य मुद्दा. सगळं बारकाईने वाचायचं ते तिसऱ्या फेरीत, तेही गरज वाटली तर. पहिल्या ओळीपासून डिक्शनरी घेऊन बसलात तर तिसऱ्या पानावर गट मोडलाच समजा.

सुरुवातीला ग्रीक अक्षरांनी भरलेले निबंध घेऊ नयेत. केन थॉम्प्सन यांचं 1984 चं भाषण घ्यावं, मोजून तीनेक पानांचं. कंपायलरच लबाड निघाला तर विश्वास कुणावर ठेवायचा, असा त्याचा प्रश्न आहे. मग हॉपरबाईंचा 1952 चा. मग लिस्कोव्ह यांचा 1974 चा, स्टीफन झिलेस यांच्यासोबत लिहिलेला. डब्यात काय आणि कसं भरलंय ते आतल्या आत राहू दे, बाहेरच्याने फक्त झाकणावरचं वाचून वापरावं, असं त्याचं सूत्र कुठल्याही गृहिणीला समजेल. टोनी होअर यांचा 1969 चा निबंध जरा दमाने घ्यावा. प्रोग्रॅम बरोबर आहे हे भूमितीच्या सिद्धतेसारखं दाखवता येतं, असं तो सांगतो. याच होअर यांनी 1965 मध्ये एका भाषेत ‘काहीच नाही’कडे बोट दाखवण्याची सोय ठेवली. यादीत डबा आहे, फळीवर डबाच नाही, तशातली गत. पुढे 2009 मध्ये त्यांनी त्या सोयीला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा. एसीएम या संस्थेने 1951 ते 2000 पर्यंतचे आपले निबंध 2022 मध्ये सगळ्यांना फुकट खुले केले. ज्यांचा प्रोग्रॅमिंगचा पायाच कच्चा आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतून आहेत.

‘पण याने नोकरी लागते का?’ सरळ सांगते, नुसत्या याने नाही लागत. पण आता प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रं घरोघरी मोबाईलवर आली आहेत. गाईडमधून पाठ केलेलं ते यंत्र क्षणात लिहून देतं. त्याने लिहिलेलं बरोबर की चूक, हे ओळखणारी मुलगी मात्र लागणारच. ती नजर पाठांतराने येत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती आपल्या हातात आहे. गट कॉलेज सुटल्यावर भरणार. म्हणजे नेहमीची एसटी चुकणार, पोरगी तासभर उशिरा येणार. मुलाला उशीर झाला तर आपण जेवण झाकून ठेवतो, मुलीला उशीर झाला तर दारात उभ्या राहतो. आठवड्यातला एक दिवस तिला तो तास द्या. हवं तर पहिल्या दिवशी स्वतः जाऊन बसा, मागच्या बाकावर. प्राध्यापकांनाही विनंती, त्यांनीही मागच्याच बाकावर बसावं, पुढे येऊन लेक्चर देऊ नये. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या मॅडमवर हे फुकटचं ओझं टाकणंही बरं नाही, कॉलेजने त्यांच्या तासांत हे धरावं.

आणि एक रजिस्टर घाला. कुठला निबंध, कुणी सांगितला, कुठला प्रश्न सुटला नाही, एवढंच लिहायचं. ते शेवटच्या वर्षाच्या मुलीकडे ठेवू नका, पहिल्या वर्षाच्या मुलीकडे द्या. शेवटच्या वर्षाची मे महिन्यात निघून जाते, आणि रजिस्टर तिच्याबरोबर.