नोटेवरचे लिंकन

१८६१ सालच्या अमेरिकेच्या दहा डॉलरांच्या नोटेवर अध्यक्ष लिंकन यांचें कोरीव चित्र छापलें गेलें. आज त्यांचें चित्र पांच डॉलरांच्या नोटेवर आहे. त्याच सालीं तिकडे यादवी पेटली, अमेरिकेचा कापूस अडला आणि आमच्या अमरावती-अकोल्याच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. १८६५ सालीं लढाई संपली. तिकडे गुलाम सुटला; इकडे भाव कोसळून कुणबी सावकाराच्या वहींत अडकला.

जोतीरावांनीं त्या चित्रामागची तुटलेली बेडी ओळखली व १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ अमेरिकेच्या लोकांस अर्पण केली.

आम्ही शिक्षक मात्र तसबिरींना हार घालतों, आणि आमचीं पोरें कर्जाचा कागद न वाचतां सही करतात. ही लाज आमची! बंधूंनो, हाराआधीं पोराला हिशेब शिकवा.