तासिकेचा मास्तर आणि चळवळीचा प्राध्यापक

तळवड्यात एकीकडे आयटी पार्क, तर दुसरीकडे लघुउद्योगांच्या शेड. पोटासाठी या पट्ट्यात आलेल्या कामगारांची मुले आज महाविद्यालयात जातात; काही तर रात्रपाळी करून वर्गात बसतात. त्यांना शिकवायला उभा राहणारा प्राध्यापक अनेकदा तासिका तत्त्वावरचा असतो. हा योगायोग नव्हे!

प्राध्यापकाने आपल्या नोकरीला स्वतः आकार द्यावा, असे व्यवस्थापनशास्त्र हल्ली सांगते. आंबेडकरी समाजाला यात नवे काय? बाबासाहेब 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून काटकसर करून त्यांनी लंडनच्या अपुऱ्या शिक्षणाची तजवीज केली. सरकारी नोकरी असल्याने संपादक म्हणून नाव न लावता 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढला.

औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांचे काम नेमलेला अभ्यासक्रम शिकवण्याचे होते. त्यांनी लिहिती पिढी घडवली. 'अस्मिता' आणि पुढे 'अस्मितादर्श' उभे राहिले. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी फुले-आंबेडकरांचे विचार आणि दलित स्त्रियांची आत्मकथने स्त्री-अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणली. नेमणूकपत्रात यातले काहीही लिहिलेले नव्हते.

मात्र या सर्वांच्या पायाखाली नियमित नोकरीची जमीन होती. तासिकेच्या मास्तरला शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात. वर्ष संपले की नेमणूक संपली. विद्यार्थ्याला वर्गाबाहेर दिलेला वेळ हिशेबात धरला जात नाही. संस्थाचालकाच्या मर्जीवर जगणारा माणूस वर्गात जातीचा प्रश्न कोणत्या बळावर मांडणार?

2018 मध्ये यूजीसीने विभाग हे एकक धरून राखीव जागांवर घाला घातला. देशभर आंदोलन झाले आणि 2019 मध्ये केंद्रीय संस्थांसाठी संपूर्ण संस्था हे एकक धरणारा कायदा करणे सरकारला भाग पडले. पण पदच भरले नाही, तर रोस्टर काय कामाचा? आरक्षण न मोडता ते निकामी करण्याची ही रीत आहे.

आणि ज्यांना आरक्षणाने कायम केले, त्यांनी नोकरीला कोणता आकार दिला? बढतीचे गुण आणि बंगल्याचे हप्ते यांपलीकडे किती जण गेले? त्यांनी रिक्त जागांच्या लढ्यात तासिकेवरच्या बांधवांसोबत उभे राहावे. तळवड्याच्या कामगाराच्या मुलाला तास उरकणारा नव्हे, त्याच्यासाठी वेळ असणारा प्राध्यापक हवा आहे.

जयभीम!