हात गारठला तर ब्रेक कोण दाबणार?

शेतकरी बंधूंनो, थंडी गव्हा-हरभऱ्याला मानवते, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. पण पिकाला मानवणारी थंडी पिकवणाऱ्याच्या हाताला मानवत नाही, हे मात्र सांगायला हवं. कारण आजकाल शेताला जायचं म्हणजे मोटारसायकल, आणि मोटारसायकल चालते ती हाताच्या जिवावर. क्लच हातात, पुढचा ब्रेक हातात, लाईटचं बटनही हातात.

चित्र तुमच्या ओळखीचंच आहे. लाईटची पाळी रात्रीची. रात्रभर गव्हाला दारे धरली, पहाटे चारला लाईट गेली. हात चिखलपाण्यानं ओले. ते धोतराला नाही तर पॅण्टला पुसल्यासारखे केले आणि गाडीला किक मारली. गाव दोन-तीन कोसांवर. मैलभर गेल्यावर बोटांना मुंग्या, आणखी थोडं गेल्यावर मुंग्याही बंद. मुंग्या बंद झाल्या म्हणून आपल्याला बरं वाटतं, पण खरा धोका तिथूनच सुरू होतो.

हे असं का होतं? माठातलं पाणी गार होतं त्याच कारणानं. माठाबाहेर पाझरलेलं पाणी उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. ओल्या हाताचं तेच होतं. त्यात गाडीचा वेग. वारा पडलेला असला तरी ताशी ४० किलोमीटरनं चाललेल्या गाडीवर समोरून तेवढाच वारा लागतो. मग शरीर काळीज-फुफ्फुसाची ऊब राखण्यासाठी हातापायाकडचं रक्त कमी करतं. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या आमच्या अंबड-घनसावंगीच्या मंडळींना हे लगेच समजेल. पाणी कमी पडलं की पहिली कोरडी राहते ती टेलची चारी. बोटं म्हणजे शरीराचं टेल.

आता हिशेब बघा. ताशी ४० च्या वेगानं गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. आखडलेल्या बोटांनी ब्रेक एक सेकंद उशिरा दाबला, तर गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. आणि पुढे धुक्यात, मागं लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असेल तर? वाचकहो, त्या एका सेकंदात घर उघडं पडतं.

उपाय महागडे नाहीत. पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे हात कोरडा करणे. आखाड्यावर एक कोरडा गमछा प्लास्टिकच्या पिशवीत कायम ठेवा. हात धुवा, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसा, मगच मोजे घाला. ओल्या हातावर घातलेला मोजा नसल्यासारखाच. दुसरं, निव्वळ लोकरीचा मोजा वारा अडवत नाही आणि भिजला तर आणखी गार पडतो. आत पातळ सुती मोजा आणि वर वारा न शिरणारा चामड्याचा किंवा रेक्झिनचा मोजा घाला. पण तो घट्ट नको, घट्ट मोज्यानं रक्त अडतं. आणि इतका जाडही नको की ब्रेकची दांडी हाताला कळणार नाही. गाडी उभी असतानाच क्लच-ब्रेक दाबून बघा. तिसरं, छाती आणि मान झाका. वर पाणी भरपूर असलं तरच टेलला पोचतं. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली तरी वारा अडतो. आमचा अंक वाचून झाल्यावर त्याचा असा उपयोग केलात तर आमचा राग नाही!

हिवाळ्यात पाऊसही येतो. फेब्रुवारी २०१८ ची गारपीट जालना जिल्हा विसरलेला नाही. अचानक भिजण्याची वेळ आली तर सुती मोज्यावर प्लास्टिकची पिशवी आणि त्यावर जाड मोजा, एवढ्यावर घर गाठता येतं. रेनकोटची बाही मोज्याच्या वरून घ्या, म्हणजे बाहीवरून ओघळणारं पाणी मोज्यात शिरत नाही.

काही गोष्टी मात्र करू नका. बधिर हात सायलेन्सरला किंवा शेकोटीच्या अगदी जवळ धरू नका. चटका बसलेला कळत नाही, कातडी भाजते. मधुमेह असलेल्यांनी तर हे विशेष जपावं. बिडीनं ऊब येत नाही, उलट रक्तवाहिन्या आखडतात. दारूनं गरम वाटतं, पण अंगातली ऊब बाहेर निघून जाते, आणि शुद्ध जाते ती वेगळीच. हात बधिर झाले तर गाडी बाजूला घ्या, हात काखेत धरा, बोटं हलू लागली की मगच निघा. गावात पोचून तासाभरानंही बोटं पांढरी आणि बधिर राहिली तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आता दोन शब्द सरपंच, पोलीस पाटील, तलाठी आणि ग्रामसेवक यांच्यासाठी. (शेवटच्या दोघांची पदनावं शासनानं बदलली, काम तेच आहे.) पहाटे नळाला पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला ग्रामपंचायतीनं मोज्यांची एक जोडी द्यावी. गावातल्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर लागला की नाही, हे एकदा फिरून बघावं. आणि मुख्य म्हणजे दिवसाच्या विजेचा पाठपुरावा करावा. त्यासाठीच २०२३ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. ज्या फिडरवर अजून रात्रीची पाळी आहे, तिथल्या गावांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घेऊन तो वीज कंपनीकडे पाठवावा. रात्रीचं दारे धरणं थांबलं तर पहाटेचा ओला हात हॅण्डलवर येणारच नाही.

तोवर आपला हात आपणच जपायचा. गव्हाचं एक पाणी उद्यावर ढकलता येतं, हाताचं तसं नाही. आज संध्याकाळी शेतावर निघताना डिकीत एक कोरडा गमछा आणि मोज्यांची जोडी टाका.