गोव्याचा फुटबॉल आणि मराठीचे मौन

गोवा म्हटले की मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला बोरकरांची कविता आठवते, लक्ष्मणराव सरदेसाईंची कथा आठवते, मंगेशीचे देऊळ आणि १९६१ ची मुक्ती आठवते. फुटबॉल आठवत नाही. कर्वेनगरात बसून गोव्याविषयी वाचताना-लिहिताना मलाही तो कधी आठवला नव्हता, हे आधीच कबूल करतो.

हे विस्मरण मला निरागस वाटत नाही. त्यामागे एक सोयीस्कर समजूत आहे: फुटबॉल पोर्तुगीजांनी आणला, तो ख्रिस्ती गोव्याचा खेळ, मराठी वाचकाचा त्याच्याशी काय संबंध?

समजुतीचे दोन्ही भाग तपासण्याजोगे आहेत. गोव्यात फुटबॉल रुजवण्याचे श्रेय दिले जाते ते १८८३ मध्ये शिवोलीत आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंना. लिस्बनच्या कोणा अधिकाऱ्याला नव्हे. चर्च आणि शाळा यांच्या आश्रयाने खेळ वाढला हे खरेच. परंतु पुढे त्याला मोठे केले ते धेंपो, साळगावकर अशा खाणमालक हिंदू घराण्यांच्या क्लबांनीही. धेंपोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. भारताचे कर्णधारपद भूषविलेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर याच भूमीतले. आपण आखलेली धर्माची रेषा मैदानावर टिकत नाही.

येथे मोझांबिकचे स्मरण उपयोगी ठरते. युसेबियो तिथला, जन्म १९४२ चा, आजच्या मापुतो शहरातला. १९६६ च्या विश्वचषकात त्याने नऊ गोल केले आणि पोर्तुगाल तिसरे आले. त्या संघाचा कर्णधार कोलुना हाही मोझांबिकचाच. गुण वसाहतीचे, नाव मात्र सत्ताधीशाचे. मोझांबिकला स्वतःच्या नावाने खेळण्यासाठी १९७५ च्या स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. उलट, गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला १९८७ मध्ये. पण त्याआधीच, १९८३-८४ च्या मोसमात, गोव्याने स्वतःच्या नावाने संतोष करंडक जिंकला होता. राज्य होण्यापूर्वी गोवा संघ झाला होता.

अर्थात ही विजयगाथा नव्हे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि ज्या पैशावर हे क्लब उभे होते तो किती ठिसूळ पायावर होता हे दिसले. २०१६ मध्ये महासंघाच्या नव्या लीगरचनेचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. खेळ कोणाचा, हा प्रश्न लिस्बनबरोबर संपला नव्हता. विचारण्याचा पत्ता तेवढा बदलला होता.

उत्तरवसाहतवाद शिकवताना आपण आफ्रिकी कादंबऱ्या उत्साहाने वाचतो. ते योग्यच आहे. मात्र सत्ता, धर्म, भांडवल आणि अस्मिता यांची तीच गुंतागुंत शेजारच्या मैदानावर शतकाहून अधिक काळ चालू असताना ती आपल्या समीक्षेला दिसू नये, हा गोव्याचा दोष नाही. देवळातला गोवा आपण आपला मानला, मैदानावरचा परक्यांना देऊन टाकला. निम्मा प्रदेश वाचून त्याच्या साहित्यावर पूर्ण निकाल देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?