पन्नास रुपयांचं रेडिओ स्टेशन

एफएम मॉड्युलेशनचं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनीच केलंय. किटवर पॅचकॉर्ड जोडायच्या, सीआरओवर वेव्हफॉर्म दिसो न दिसो, मागच्या बॅचच्या जर्नलमधून रिडिंग्ज उतरवायची, सरांची सही घ्यायची, विषय संपला! पण त्या वेव्हवरून कुणाशी तरी बोलावं असं किती जणांच्या मनात आलं? माझ्या तरी नाही.

बिहारच्या वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावच्या राघव महतोच्या मनात मात्र आलं. शिक्षण जेमतेम, पोटापाण्याला रेडिओ दुरुस्तीचं छोटंसं दुकान. २००३ साली त्याने साधारण पन्नास रुपयांच्या सुट्या भागांतून ट्रान्समीटर जुळवला, शेजारच्या तीन मजली हॉस्पिटलवर बांबू उभारून त्याला अँटेना बांधला आणि ‘राघव एफएम मन्सूरपूर १’ सुरू झालं. हिंदी गाणी, भजनं, मधूनच पोलिओ आणि एड्सची माहिती, कुणाचं मूल हरवलं तर त्याची सूचना. या स्टेशनातून कमाई शून्य. घर चालायचं ते दुरुस्तीवरच.

आवाज वीसेक किलोमीटर जायचा, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. मला आधी ही थापच वाटली. मग गणित करून पाहिलं. एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणलं, की क्षितिजापर्यंतचे किलोमीटर मिळतात. उंची २० मीटर धरली तर १६ किलोमीटर होतात. ऐकणारा गच्चीवर असेल तर आणखी थोडे. त्यात तो मुलूख तव्यासारखा सपाट, मध्ये डोंगर नाही. म्हणजे अगदीच अशक्य नाही! जे सूत्र आपण दोन मार्कांसाठी घोकतो, ते या पठ्ठ्याने बांबूवर करून दाखवलं.

२००६ च्या फेब्रुवारीत बीबीसीने बातमी दिली आणि मार्चमध्ये स्टेशन बंद पडलं. कारण एकच, परवाना नव्हता.

आता सरकारच्या नावाने खडे फोडणं सोपं आहे. पण आपण इंजिनीअर होणार आहोत, तर दुसरी बाजूही बघू. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा सुरू होतो. फिल्टर नसलेला ट्रान्समीटर भलत्याच फ्रिक्वेन्सीवरही ओरडू शकतो. तेव्हा तपासणी हवीच. माझा आक्षेप वेगळा आहे. चार कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर लाव, तपासून घे आणि चालव, असं त्याला सांगायची वाट नियमांत नव्हती. वाट होती ती फक्त कुलूप लावायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सामुदायिक रेडिओचं नवं धोरण आलं. त्यात स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं, एकट्या माणसाला नाही. रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९९५ मध्येच दिला होता. मग त्या ‘सार्वजनिक’मध्ये राघव बसत नाही का?

आणि आपण? शैक्षणिक संस्थांना हा परवाना डिसेंबर २००२ पासून मागता येतो, म्हणजे राघवचा बांबू उभा राहण्याच्याही आधीपासून. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने २००४ मध्ये आपलं स्टेशन सुरू केलंसुद्धा. ५० वॅटचा ट्रान्समीटर आणि तीस मीटरपर्यंतचा अँटेना लागतो, एवढंच. लॅब आहे, गच्ची आहे, शिकवणारे सर आहेत. त्याच्याकडे स्टेशन होतं, परवाना नव्हता. आपल्याला परवाना मिळू शकतो, पण स्टेशनचा पत्ता नाही!

“आता मोबाईल असताना रेडिओ कोण ऐकतो?” असं कुणी म्हणेल. पण प्रश्न रेडिओचा नाहीच. आपण शिकलेलं कॉलेजच्या गेटबाहेरच्या माणसाच्या कामी कधी येणार, हा आहे. स्टेशन झालंच तर एसटी स्टँडजवळच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनाही आत बोलवू. ते आपल्याला चार गोष्टी शिकवतील, आपण त्यांना फिल्टर शिकवू.

तोपर्यंत एवढंच करा. फायनल इयरचा रेडीमेड प्रोजेक्ट विकत आणायला निघालात, की त्या बांबूची एकदा आठवण काढा.